वृषणात दुखतंय: कधी थांबून बघायचं आणि कधी लगेच निघायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २७, डाव्या वृषणात दीड महिन्यापासून ओढल्यासारखं, जड जड वाटतं, दिवसभर उभं राहिलं की संध्याकाळी जास्त, आडवं झालं की बरं वाटतं, ताप नाही, लघवीला त्रास नाही, घरी कोणाला सांगितलेलं नाही, आणि रात्री मोबाईलवर शोधलं तर थेट कॅन्सर दिसला म्हणून झोप उडालीय. हे काय असू शकतं आणि डॉक्टरांना दाखवायलाच हवं का?

आधी तुमच्यापुरतं उत्तर देतो म्हणजे जीव जरा भांड्यात पडेल. तुम्ही जे वर्णन केलंय ते ऐकून माझ्या मनात पहिलं नाव येतं ते व्हेरिकोसिलचं, म्हणजे वृषणाकडून वर रक्त नेणाऱ्या शिरा फुगणं. रात्रीत धावत जावं असं यात काही दिसत नाही, पण दाखवायला नक्की हवं, येत्या आठ-दहा दिवसांत, आणि एक सोनोग्राफी करून घ्यायला हवी. तपासल्याशिवाय खात्रीने कोणीच सांगू शकत नाही, मीसुद्धा नाही. आता बाकीचं सविस्तर लिहितो, कारण या जागेच्या दुखण्याबद्दल लोकांचा अंदाज नेमका उलटा असतो. जास्त दुखलं म्हणजे जास्त गंभीर आणि दुखत नाही म्हणजे काही नाही असं धरून चालतात, पण इथे तसं नसतं. महिनोन् महिने कुरकुर करणारं दुखणं बहुतेक वेळा निरुपद्रवी निघतं, आणि ज्या कॅन्सरची तुम्हाला भीती वाटतेय तो बहुतेक वेळा अजिबात दुखत नाही. म्हणून पेशंट समोर बसला की 'किती दुखतंय' याआधी मी विचारतो, 'सुरू कसं झालं?' अचानक झालं असेल तर हिशोब तासांचा असतो. दोन-चार दिवसांत वाढत गेलं असेल तर त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी दाखवायचं. न दुखणारी गाठ असेल तर त्याच आठवड्यात.

सगळ्यात आधी वृषणाला पीळ बसणं, म्हणजे टॉर्शन. वृषण ज्या दोरीसारख्या भागाला लटकलेलं असतं त्यातूनच त्याची रक्तवाहिनी जाते, आणि काही मुलांमध्ये वृषण आतल्या आवरणाला नीट चिकटलेलं नसतं, जन्मापासूनच मोकळं लोंबतं, त्यामुळे ते स्वतःभोवती फिरू शकतं. पाण्याच्या पाईपला पीळ पडल्यावर पाणी थांबतं तसंच इथे रक्त थांबतं. हे कोणत्याही वयात होऊ शकतं, अगदी नवजात बाळातसुद्धा, पण सगळ्यात जास्त १२ ते १८ या वयात. खेळताना होतं, मार लागल्यावर होतं आणि पुष्कळदा काहीही न करता झोपेत होतं, मुलगा पहाटे कळवळत उठतो. एकाच बाजूला अचानक जोरात दुखायला लागतं, मळमळ होते, उलटी होते, ते वृषण दुसऱ्यापेक्षा वर ओढलेलं किंवा आडवं झालेलं दिसतं. ताप आणि लघवीची जळजळ सहसा नसते. मांडीच्या आतल्या बाजूला हलकं बोट फिरवलं की त्या बाजूचं वृषण एरवी वर उचललं जातं, टॉर्शनमध्ये ते बहुतेक वेळा उचललं जात नाही, ही तपासणी डॉक्टर करतात, तुम्ही घरी करून त्यावर विसंबू नका.

वेळेचं गणित असं आहे की पहिल्या ६ तासांत पीळ सोडवला तर १० पैकी ९ किंवा त्याहून जास्त वृषणं वाचतात, १२ तासांपर्यंत हे प्रमाण साधारण निम्म्यावर येतं, आणि २४ तास उलटले की वाचणारी फार थोडी. हे ६ तास दुखायला लागल्यापासून मोजायचे, हॉस्पिटलात पोचल्यापासून नाही. आणि ६ तास होऊन गेले असतील तर 'आता जाऊन काय उपयोग' असंही करू नका, पीळ अर्धवट असेल तर उशिरासुद्धा वृषण वाचतं. अशा वेळी सर्जन किंवा युरोलॉजिस्ट (लघवीचा मार्ग आणि पुरुषांच्या जननेंद्रियांचा सर्जन) जिथे चोवीस तास असतो अशा ठिकाणी थेट इमर्जन्सीत जायचं, आधी जवळच्या दवाखान्यात इंजेक्शन घेऊन बघू, सकाळपर्यंत वाट बघू, हे नको. निघताना काही खायला-प्यायला देऊ नका, कारण भूल द्यावी लागू शकते. लक्षणं स्पष्ट असतील तर अनुभवी सर्जन सोनोग्राफीसाठी थांबतही नाही, सरळ ऑपरेशनला घेतो. त्यात पीळ सोडवून वृषण टाक्यांनी जागेवर बसवतात आणि दुसऱ्या बाजूचंही बसवतात, कारण आवरणाचा तो दोष बहुतेक वेळा दोन्हीकडे असतो. आईवडील विचारतात की चांगल्या बाजूला का हात लावता, तर त्याचं कारण हे.

पालकांना एक गोष्ट अगदी कळकळीने सांगतो. तेरा-चौदा वर्षांचा मुलगा 'माझं वृषण दुखतंय' असं आईला सांगत नाही. तो 'पोटात दुखतंय' म्हणतो. आणि खरंच त्याला खालच्या पोटात दुखतही असतं, कारण गर्भात वृषण मूत्रपिंडाजवळ तयार होऊन मग खाली उतरतं आणि त्याच्या नसा पोटाच्याच पातळीवरून आलेल्या असतात. मग गॅसची गोळी, ओवा, शेक, असं करत करत ते मोलाचे तास निघून जातात. म्हणून मुलगा अचानक खालचं पोट धरून बसला, उलटी झाली, तर सरळ विचारा, 'खाली दुखतंय का?' आणि डॉक्टरांनाही तिथे बघायला सांगा. मुलांना वयात यायच्या आधीच सांगून ठेवलं पाहिजे की इथे अचानक दुखलं तर रात्री दोन वाजतासुद्धा उठवायचं, कोणी रागावणार नाही. एवढं एक वाक्य घरात आधी बोललेलं असेल तर मुलगा लाजत बसत नाही.

आणखी एक प्रकार लक्षात ठेवा. अचानक जोरात दुखतं आणि अर्ध्या-एक तासात आपोआप पूर्ण थांबतं, असं महिन्या-दोन महिन्यांनी परत होतं. थांबलं म्हणून लोक सोडून देतात. पण हा बसून सुटणारा पीळ असू शकतो, आणि पुढच्या वेळी तो सुटेलच असं नाही. थांबल्यावर केलेली सोनोग्राफी नॉर्मल येऊ शकते, त्यामुळे रिपोर्टपेक्षा ही हकीकत महत्त्वाची, ती युरोलॉजिस्टला नीट सांगा.

सात ते बारा वर्षांच्या मुलांमध्ये टॉर्शनसारखंच दिसणारं पण सौम्य असं एक दुखणं असतं. वृषणाच्या वरच्या टोकाला एक बारीकसा निरुपयोगी कोंब असतो, त्याला पीळ बसतो. दुखतं वरच्या टोकाशी, कधी कातडीतून निळसर ठिपका दिसतो, आणि विश्रांती आणि वेदनाशामक गोळीने आठवड्याभरात बरं होतं. पण हे ठरवायचं काम घरी करायचं नाही, डॉक्टरांनी टॉर्शन नाही म्हटल्यावरच निश्चिंत व्हायचं.

आता इन्फेक्शन. वृषणाच्या मागच्या बाजूला एपिडिडिमिस नावाची गुंडाळी झालेली नळी असते, त्यात वृषणात तयार झालेले शुक्रजंतू पक्के होतात. मोठ्या माणसांत वृषणाच्या पिशवीत अचानक नव्हे पण एक-दोन दिवसांत वाढत गेलेल्या दुखण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे या नळीची सूज. आधी मागच्या बाजूला दुखतं, मग सगळं वृषण सुजतं, कातडी लाल आणि गरम होते, थंडी वाजून ताप येतो, लघवीला जळजळ किंवा सारखं जावंसं वाटणं असतं, कधी लिंगातून स्राव येतो. साधारण पस्तिशीच्या आतल्या, लैंगिक संबंध असलेल्या पुरुषांत हे बऱ्याचदा क्लॅमिडिया किंवा गोनोरिया या संबंधांतून पसरणाऱ्या संसर्गांनी होतं, त्यापुढच्या वयात लघवीच्या मार्गातल्या ई-कोलायसारख्या जंतूंनी, आणि त्यामागे प्रोस्टेट (मूत्राशयाखालची ग्रंथी) वाढल्याने लघवी तुंबणं, अलीकडे घातलेली कॅथेटर म्हणजे लघवीची नळी, असं काहीतरी असतं.

इथे तीन चुका मी सारख्या बघतो. पहिली म्हणजे लघवी तपासायला न देताच अँटिबायोटिक सुरू करणं, मग कल्चरमध्ये, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीत, जंतू सापडत नाही आणि औषध लागू पडलं नाही तर पुढचं कोणतं द्यायचं ते कळत नाही. दुसरी, तीन दिवसांत बरं वाटलं की गोळ्या बंद करणं, खरं तर कोर्स साधारण १० ते १४ दिवसांचा असतो. तिसरी, लैंगिक संसर्ग असेल तर जोडीदाराला न सांगणं. एकट्याने औषध घेऊन उपयोग नसतो, महिन्याभरात तेच दुखणं परत येतं, आणि बाईमध्ये क्लॅमिडिया काही लक्षण न दाखवता गर्भनलिका खराब करू शकतो. सांगायला अवघड आहे मला कळतं, पण डॉक्टरांच्या समोर दोघांनी बसून बोललं तर निभावतं. आणि दोघांचे उपचार पूर्ण होईपर्यंत संबंध ठेवायचे नाहीत.

उपचार सुरू केल्यावर दुखणं आणि ताप दोन-तीन दिवसांत उतरायला लागतो, पण सूज आणि कडकपणा जायला काही आठवडे लागतात, तेवढ्यात घाबरून डॉक्टर बदलू नका. मात्र तीन दिवसांत काहीच फरक नाही किंवा उलट वाढतंय तर परत जायचंच, कारण आत पू झालेला असू शकतो. आणि औषध पूर्ण करूनही महिन्या-दीड महिन्याने गाठ तशीच राहिली तर सोनोग्राफी हवीच, काही वेळा इन्फेक्शन समजून ज्याच्यावर गोळ्या दिल्या गेल्या ती गाठ वेगळीच निघते. दुखणं कमी, पण मागची नळी कडक, गाठीगाठीची, महिनोन् महिने तशीच, कातडीला छिद्र पडून पाणी येतंय, असं असेल तर क्षयरोगाचा विचार करावा लागतो आणि त्याचे उपचार सहा महिन्यांचे असतात.

गालगुंड झाल्यावर चार-आठ दिवसांनी वृषण सुजणं हा वेगळा प्रकार आहे. लस न घेतलेल्या आणि वयात आलेल्या मुलांना-पुरुषांना गालगुंड झाले तर साधारण १५ ते ३० टक्क्यांमध्ये हे होतं. व्हायरस असल्याने अँटिबायोटिकचा उपयोग नाही, विश्रांती, आधार, वेदनाशामक एवढंच. वृषण नंतर थोडं लहान होऊ शकतं पण बहुतेकांत एकच बाजू असते म्हणून पूर्ण वंध्यत्व क्वचितच येतं.

आता कॅन्सर. वृषणाचा कॅन्सर तसा दुर्मिळ, पण १५ ते ४० वयाच्या पुरुषांत जे कॅन्सर होतात त्यात तो वरच्या नंबरांत येतो, म्हणून तरुणांना माहीत असायला हवा. तो बहुतेक वेळा वृषणातच असलेली कडक, न दुखणारी गाठ म्हणून सापडतो, किंवा एक वृषण हळूहळू मोठं आणि जड झालेलं जाणवतं. थोड्या जणांत दुखतंही, त्यामुळे 'दुखतंय म्हणजे कॅन्सर नाही' असा उलटा निष्कर्षही काढू नका. लहानपणी वृषण खाली उतरलेलं नव्हतं अशांना, आधी एका बाजूला झालेल्यांना आणि वडील किंवा सख्ख्या भावाला झालेल्यांना धोका जास्त. म्हणूनच बाळाचं वृषण पिशवीत नसेल तर सहा महिन्यांचं झाल्यावर सर्जनला दाखवायचं, ऑपरेशन साधारण दीड वर्षाच्या आत व्हायला हवं, मोठा झाल्यावर उतरेल म्हणत शाळेत जाईपर्यंत थांबायचं नाही.

गाठ लागली तर काय होतं तेही सांगतो, कारण पुढे काय हे माहीत नसल्यानेच लोक जास्त घाबरतात. तपासणी, सोनोग्राफी, आणि संशय असेल तर रक्तात अल्फा फिटोप्रोटीन, बीटा एचसीजी आणि एलडीएच या तीन तपासण्या. इतर गाठींसारखी पिशवीत सुई घालून बायोप्सी इथे करत नाहीत, त्याने पेशी पसरण्याची भीती असते, तर जांघेत छेद देऊन ते वृषणच काढतात. कोणी पिशवीत सुई टोचून बघू म्हणालं तर थांबा आणि युरोलॉजिस्टचं मत घ्या. ऑपरेशनआधी वीर्य साठवून ठेवता येतं, पुढे मूल हवं असेल तर हे आठवणीने विचारा, कारण घाईत ते राहून जातं. एका वृषणावर पुरुषी हार्मोन, संबंध, मूल, सगळं बहुतेकांत व्यवस्थित चालतं. लवकर सापडला तर ९५ टक्क्यांहून जास्त जण बरे होतात, आणि १९७० च्या दशकात सिस्प्लॅटिन हे औषध वापरात आल्यापासून पसरलेला कॅन्सरसुद्धा बरा होऊ लागला. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगला १९९६ मध्ये, वयाच्या २५व्या वर्षी हा कॅन्सर निघाला तेव्हा तो फुप्फुसात आणि मेंदूत गेलेला होता, तरी तो त्यातून बरा झाला. हे आशेसाठी सांगतोय, थांबण्यासाठी नाही, कारण लवकर आलेल्याला बऱ्याचदा केमोच लागत नाही.

स्वतः हात लावून बघायचं असेल तर गरम पाण्याने अंघोळ केल्यावर, कातडी सैल असताना, महिन्यातून एकदा पुरे. अंगठा आणि बोटांमध्ये वृषण हलकेच फिरवा. ते गुळगुळीत आणि थोडं लवचिक लागतं. मागच्या बाजूला जी मऊ दोरीसारखी गाठाळ वस्तू लागते ती एपिडिडिमिस, ती गाठ नाही, पहिल्यांदा हात लावणारा प्रत्येक जण तिलाच घाबरतो. एक वृषण दुसऱ्यापेक्षा थोडं मोठं, आणि बहुधा डावं थोडं खाली, हे नॉर्मल. रोज दहा वेळा दाबून बघू नका, दाबून दाबूनच दुखायला लागतं आणि मग त्या दुखण्याचीच भीती वाटते, असे पेशंट माझ्याकडे नेहमी येतात.

आता परत तुमच्या दुखण्याकडे. व्हेरिकोसिल साधारण १५ टक्के पुरुषांत असतं, म्हणजे दर सहा-सात जणांत एकाला, आणि त्यातल्या बहुतेकांना काही त्रास नसतो. डावीकडेच जास्त का, तर डाव्या वृषणाची शीर वर जाऊन मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते, उजवी थेट मोठ्या शिरेला तिरकी मिळते, त्यामुळे डावीकडे रक्त खाली तुंबायला जास्त वाव. उभं राहिलं की शिरा भरतात, ओढ आणि जडपणा येतो, आडवं झालं की रिकाम्या होतात आणि आराम वाटतो. तुमचं वर्णन यालाच जुळतं. उभं राहून हात लावला तर वृषणाच्या वर वळणावळणाच्या मऊ शिरा लागतात आणि झोपल्यावर त्या गायब होतात. इथे एक अपवाद ध्यानात ठेवा, पस्तिशी-चाळिशीनंतर अचानक नव्याने आलेलं, फक्त उजवीकडचं, किंवा झोपल्यावरही न ओसरणारं व्हेरिकोसिल असेल तर पोटाची सोनोग्राफी करून मूत्रपिंड बघतात, कारण वर कुठेतरी शिरेवर दाब आलेला असू शकतो.

व्हेरिकोसिल दिसलं म्हणजे ऑपरेशन असं अजिबात नाही. घट्ट आधार देणारी अंडरवेअर किंवा सपोर्टर, खूप वेळ सलग उभं न राहणं, काही दिवस जड उचलणं बंद, गरज पडली तर वेदनाशामक, यावर पुष्कळांचं भागतं. ऑपरेशनचा विचार तेव्हा, जेव्हा दुखणं काही महिने राहतं आणि दुसरं कारण सापडत नाही, मूल होत नाहीये आणि वीर्याचा रिपोर्ट कमी आहे, किंवा वाढत्या वयाच्या मुलात त्या बाजूचं वृषण लहान राहतंय. दुखण्यासाठी केलेल्या ऑपरेशनने बहुतेकांना आराम मिळतो पण सगळ्यांना नाही, हे आधीच समजून घेऊन निर्णय घ्या. वंध्यत्वासाठी येणाऱ्या पुरुषांत ३५ ते ४० टक्क्यांना व्हेरिकोसिल सापडतं हे खरं, पण व्हेरिकोसिल असलेल्या बहुतेकांना मुलं होतात हेही तितकंच खरं, पहिलं वाक्य वाचून घाबरू नका.

हायड्रोसिल म्हणजे वृषणाभोवती पाणी साठणं. पिशवी फुगते, जड होते, दुखत सहसा नाही. लहान बाळांत बहुतेक वेळा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातं. मोठ्यांत त्रास असेल तर छोटं ऑपरेशन, सुईने पाणी काढलं तर ते बहुधा परत भरतं. तरुण माणसात नव्याने झालं तर आतलं वृषण सोनोग्राफीत बघून घ्यायचं, कारण पाण्यामागे गाठ हाताला लागत नाही. एपिडिडिमिसमध्ये पाण्याच्या छोट्या गाठी सापडणं फार कॉमन, त्रास नसेल तर काही करायचं नाही. हर्नियामध्ये जांघेतून पिशवीत उतरणारा फुगवटा असतो, खोकल्यावर वाढतो, झोपल्यावर आत जातो, आणि तो एखाद्या दिवशी आत जाईनासा झाला, कडक झाला, दुखायला लागला, उलट्या सुरू झाल्या तर तीही तासांत धावायची वेळ, आतडं अडकलेलं असतं.

कधी कधी दुखणं वृषणात वाटतं आणि कारण भलतीकडेच असतं. मूत्रनलिकेत उतरणारा मूतखडा हे मोठं उदाहरण, कमरेतून सुरू होऊन जांघेत आणि वृषणात कळ येते, माणूस एका जागी बसू शकत नाही, आणि वृषणाला हात लावला तर तिथे काही दुखत नाही. कंबरेच्या मणक्याची नस दबणं, खुब्याचा त्रास, जांघेचा स्नायू ताणणं, प्रोस्टेटची सूज, आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सतत आवळलेले राहणं, हे सगळे तिथे दुखवू शकतात. शेवटचं कारण फार दुर्लक्षित राहतं. तासन् तास बसून काम, ताण, बद्धकोष्ठ, लघवी धरून ठेवायची सवय, अशांमध्ये हे स्नायू सैल व्हायचं विसरतात, सगळ्या तपासण्या नॉर्मल येतात आणि माणूस डॉक्टर बदलत राहतो. याला चांगल्या फिजिओथेरपीचा खरंच उपयोग होतो.

तीन महिन्यांहून जास्त चाललेल्या दुखण्यात पुष्कळ जणांमध्ये ठोस कारण सापडतच नाही. कारण सापडलं नाही म्हणजे दुखणं खोटं किंवा मनाचं असा अर्थ होत नाही, नसांचं दुखणं असतं, त्यावर वेगळी औषधं असतात, दोरीच्या भागात बधिर करणारं इंजेक्शन देऊन बघता येतं. वैतागून 'वृषणच काढून टाका' म्हणणारे येतात, तर कृपया तिथपर्यंत घाईने जाऊ नका, काढल्यावरही दुखणं राहू शकतं. नसबंदीनंतर पहिले काही दिवस दुखणं आणि थोडी सूज साधी, साधारण १ ते २ टक्के पुरुषांत मात्र लांबलेलं दुखणं राहतं आणि त्यावर उपचार आहेत, ते अंगावर काढू नका.

मार लागला तर बहुतेक वेळा तासाभरात कळ ओसरते. ती ओसरली नाही, पिशवी भराभर सुजली, काळीनिळी झाली, तर त्याच दिवशी सोनोग्राफी, कारण वृषणाचं आवरण फाटलं असेल तर ते लवकर शिवावं लागतं.

कातडीचं बोलायचं तर खाज, लालसर चट्टे, घाम साचणाऱ्या जांघेतला नायटा, हे सगळ्यात जास्त दिसतं आणि सगळ्यात जास्त बिघडवलं जातं ते स्टेरॉइड मिसळलेल्या क्रीमने. लावल्यावर दोन दिवस बरं वाटतं, मग दुप्पट पसरतं, आणि इथली कातडी पातळ असल्याने ती आणखी पातळ होऊन आग व्हायला लागते. स्किनच्या डॉक्टरांना दाखवून साधं बुरशीचं औषध पूर्ण दिवस लावा.

पण कातडीचाच एक प्रकार जिवावरचा आहे. मधुमेह असलेला, दारू जास्त असलेला किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेला माणूस, पिशवीची किंवा गुदद्वाराजवळची कातडी दिसते त्यामानाने खूपच जास्त दुखते, तासागणिक सूज पसरते, कातडी जांभळी-काळी पडते, दाबल्यावर चरचर जाणवते, दुर्गंधी, ताप, गुंगी. याला फूर्निये गँग्रीन म्हणतात, ज्याँ आल्फ्रेड फूर्निये या फ्रेंच डॉक्टरने १८८३ मध्ये त्याचं वर्णन केलं. यात मलम लावून एक रात्र काढणंसुद्धा महागात पडतं, मेलेली कातडी ऑपरेशनने लगेच काढावी लागते, सोबत शिरेतून औषधं. घरात मधुमेही वडील-आजोबा असतील आणि 'खाली गळू झालंय' म्हणत असतील तर एकदा प्रत्यक्ष बघा, लाज बाजूला ठेवून.

हस्तमैथुनाने वृषणं दुखतात, सुकतात, नसा कमजोर होतात, हे खरं नाही. तुम्ही विचारलं नाहीये पण मला माहितीये की मनात असतं, आणि त्या अपराधी भावनेमुळेच बरेच तरुण महिनोन् महिने डॉक्टरकडे येत नाहीत, त्यांना वाटतं ही शिक्षाच आहे. बराच वेळ उत्तेजना राहून वीर्यपतन झालं नाही तर काही वेळ जडपणा किंवा ठणका वाटू शकतो, तो आपोआप जातो, त्याने काही नुकसान होत नाही.

तर तुम्ही आता काय करायचं. तपासणीपर्यंत आधार देणारी अंडरवेअर घाला, दिवसातून अधूनमधून बसा किंवा पाय वर करून पडा, यकृताचा त्रास नसेल तर साधी पॅरासिटामॉल घेतली तर चालेल, उगाच गरम शेक नको, आणि कोणाच्या सांगण्यावरून उरलेलं अँटिबायोटिक घेऊ नका. युरोलॉजिस्ट नसेल तर जनरल सर्जन किंवा तुमचे नेहमीचे डॉक्टरही सुरुवातीला चालतील. रिसेप्शनवर सगळ्यांसमोर सांगायला लाज वाटत असेल तर 'युरोलॉजीचा त्रास आहे' एवढंच म्हणा, ते पुरतं. आत गेल्यावर मात्र सरळ सांगा, कधीपासून, कसं सुरू झालं, कशाने वाढतं, लघवी, ताप, मार, आधीचं ऑपरेशन, संबंधांबद्दल विचारलं तर खरं. ते उभं करून आणि झोपवून दोन्ही तऱ्हेने तपासतील, श्वास कोंडून जोर द्यायला लावतील, दोन-तीन मिनिटांचं काम आहे, दुखत नाही. उभं करून तपासलं नाही तर तुम्हीच म्हणा की उभं राहिल्यावरच त्रास होतो, कारण झोपवल्यावर व्हेरिकोसिल लपतं, आणि सोनोग्राफीच्या चिठ्ठीवर 'डॉपलर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी), उभ्याने आणि जोर देऊन' असं लिहून घ्या. लघवीची साधी तपासणी सोबत होईल.

आणि अपॉइंटमेंटच्या आधी यातलं काही बदललं, अचानक जोरात कळ आली, उलटी झाली, वृषण वर ओढलं गेलं, ताप येऊन सूज आली किंवा फुगवटा आत जाईनासा झाला, तर ती तारीख सोडा आणि त्याच तासाला इमर्जन्सीत जा, घरातल्या एकाला सोबत घेऊन.